डिझेल पाजणं सोपं, पचवणं अवघड: जुन्या डॉज पिकअपची ताकद वाढवताना

पुण्यात ‘कमिन्स’ म्हटलं की कोणाला कोथरूडचा कारखाना आठवतो, कोणाला कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. जुन्या ट्रक ड्रायव्हरला विचारलंत, तर तो टाटाच्या १६१३चं नाव घेईल. त्या सोळा टनी ट्रकच्या केबिनखाली जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये बनलेलं सहा सिलिंडरचं, ५८८३ सीसीचं इंजिन असायचं. याच घराण्यातलं इंजिन अमेरिकेत १९८९च्या मॉडेलपासून चक्क एका पिकअपमध्ये बसवलं जात होतं. गाडी डॉजची, इंजिन कमिन्सचं. घोड्यांचे ट्रेलर, गवताचे भारे, बोटी असं काहीही मागे लावून ती गाडी तिकडचे शेतकरी आजही पळवतात.

हे इंजिन मुळात पिकअपसाठी बनलेलंच नव्हतं. कमिन्सने केस या शेतीयंत्रं बनवणाऱ्या कंपनीबरोबर ते विकसित केलं आणि ते आधी शेतात आणि बांधकामावर कामाला लागलं. सात मेन बेअरिंग, कॅमशाफ्ट फिरवायला पट्टा नाही की साखळी नाही, थेट गिअर, आणि वजन पाचशे किलोच्या घरात. डॉजच्या पिकअपचा सांगाडा तेव्हा १९७२पासूनचाच होता, आणि त्यात हे धूड बसवलं. ताकद किती? १६० एचपी. आजच्या रॅम पिकअपचं (डॉजच्या पिकअपचं हे नवं नाव) ६.७ लिटरचं कमिन्स ४३० एचपी देतं. त्यामुळे जुनी गाडी जपलेल्या माणसाच्या डोक्यात एकच किडा वळवळतो: आपल्या इंजिनातून आणखी किती निघेल?

निघतं पुष्कळ, आणि फारसा खर्च न करता निघतं. गोची पुढे आहे. वाढलेली ताकद सोसण्याची ऐपत इंजिनात आहे, पण त्याच्या पुढेमागे जोडलेल्या भागांत नाही. म्हणून माझ्या मते ही कामं लोक ज्या क्रमाने करतात (आधी टर्बो आणि पंप, बाकीचं नंतर) त्याच्या उलट क्रमाने करायला हवीत. तो क्रम उलटा का, हे कळायला आधी डिझेल इंजिनात ताकद येते कुठून ते पाहावं लागेल.

ताकद म्हणजे जळलेलं डिझेल

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते आणि आत आलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल दिलं जातं. डिझेलमध्ये अशी झडप नसते. हवा येईल तेवढी कायम आत येत असते, आणि ॲक्सिलरेटर फक्त डिझेल कमीजास्त करतो. म्हणजे जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल, हिशोब इतका सरळ आहे. आपल्याकडे इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याला ‘थोडं डिझेल वाढवून दे’ म्हणतात, ते शास्त्राला धरूनच आहे.

पण डिझेल जळायला हवा लागते. हिशोबाने एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा पुरते. प्रत्यक्षात डिझेल अगदी शेवटच्या क्षणी फवारलं जातं आणि हवेत नीट मिसळायला त्याला वेळ मिळत नाही, म्हणून पूर्ण भारावरही हवा बरीच जास्त असावी लागते. ती कमी पडली की चुलीत नुसती लाकडं कोंबून फुंकणी न मारल्यासारखं होतं. धूर भरपूर, आच कमी. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. पैसे मोजून भरलेलं आणि धड न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून बाहेर चाललंय, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट टॉर्क आणि एचपी यांच्यातल्या फरकाची. टॉर्क म्हणजे क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पडणारा पीळ. तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांच्या वेगाने दिला जातो, त्यावर एचपी ठरते. ५०० न्यूटन-मीटरचा पीळ २५०० फेऱ्यांना मिळाला तर साधारण १७५ एचपी होतात, आणि तोच पीळ ३००० फेऱ्यांपर्यंत टिकवला तर २१०. पीळ तेवढाच राहिला तरी ताकद वाढली. हे लक्षात ठेवा, कारण क्लच आणि गिअरबॉक्स मोडतात ते पिळाने.

आता कंपनीचेच आकडे बघा. १९९६ ते १९९८च्या डॉजमध्ये तेच बारा व्हॉल्व्हचं (दर सिलिंडरला दोन) इंजिन दोन ताकदींत मिळायचं: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर १८० एचपी, हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर २१५. ऑटोमॅटिकवाल्याचं इंजिन काही नाजूक नव्हतं, त्याचा गिअरबॉक्स नाजूक होता. कंपनीने गिअरबॉक्स वाचवायला डिझेल आवरतं घेतलं. बोटींसाठी याच ५.९ लिटरच्या इंजिनाची ३७० एचपीची आवृत्ती निघाली होती. अर्थात तिथे थंड करायला अख्खा समुद्र असतो. तरीही पिकअपमध्ये इंजिन मुद्दाम दबून चालत होतं, हे यावरून कळतं.

आधी हरवलेली ताकद शोधा

पंचवीस-तीस वर्षं चाललेली गाडी ‘ओढत नाही’ म्हणून लोक थेट मोठ्या टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, किमती विचारायला लागतात. त्या गाडीत कंपनीने दिलेले १६० किंवा २१५ एचपी तरी शिल्लक आहेत का, हे आधी बघायला हवं. बहुतेक वेळा नसतात.

डिझेलच्या टाकीपासून सुरुवात करा. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळ्या वयोमानाने चिरतात. त्यातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून खाली डाग दिसत नाही आणि दोष लपून राहतो. सकाळी गाडी उशिरा सुरू होणं आणि चढावर दम तुटणं ही त्याची खूण. पुढे टाकीतून डिझेल ओढणारा, कॅमशाफ्टवर चालणारा लिफ्ट पंप, मग फिल्टर, मग सिलिंडरला दाबाने डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप. इंजेक्शन पंपाच्या परतीच्या नळीवर बोल्टसारखा दिसणारा एक छोटा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आतली स्प्रिंग थकली की पंपाच्या पोटात दाब टिकत नाही आणि प्रत्येक सिलिंडरला डिझेल कमी पडतं. हा एक व्हॉल्व्ह बदलल्यावर ‘गाडी नवी झाली’ म्हणणारे लोक कमी नाहीत, आणि ते उगाच म्हणत नाहीत.

मग हवेची बाजू. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबून तापलेली हवा तो थंड करतो) आणि तिथून इंजिनपर्यंत रबरी जोड असतात. त्यातला एखादा तेलाने फुगून सैल झाला की दाबलेली हवा वाटेतच निसटते. व्हॉल्व्हची फट तपासा: इनलेटला ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.५०. ॲक्सिलरेटरची दांडी पूर्ण दाबल्यावर पंपावरचा लिव्हर खरोखर शेवटपर्यंत जातो का, तेही एकदा कोणाला तरी गाडीत बसवून बघाच. झिजलेल्या जोडांमुळे तो अर्ध्या बोटाने अलीकडे थांबत असेल, तर आख्खा खेळच तिथे संपतो.

इथे एका पिनची गोष्ट सांगायलाच हवी. इंजिनाच्या पुढच्या बाजूला गिअरची पेटी असते. ती ब्लॉकवर नेमकी बसावी म्हणून कारखान्यात एक पोलादी पिन ठोकलेली असते, करंगळीच्या पेराएवढी. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ही पिन हळूहळू बाहेर सरकते. सरकता सरकता एक दिवस खाली पडते, आणि खाली काय असतं तर फिरणारे टायमिंग गिअर. नशीब चांगलं असेल तर ती नुसतीच तेलाच्या पॅनमध्ये जाऊन पडते. नसेल तर दात मोडतात, ॲल्युमिनियमची पेटी फुटते आणि इंजिन जागीच बसतं. तिकडच्या मेकॅनिकांनी तिला ‘किलर डॉवेल पिन’ असं नाव ठेवलंय, आणि बारा व्हॉल्व्हची गाडी विकत घेताना ‘पिनचं काम झालंय का?’ हा ठरलेला प्रश्न असतो. उपाय अगदी साधा आहे: पुढचं कव्हर उघडायचं, पिन पुन्हा आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली लोखंडी पट्टी अशी दाबायची की पिनच्या तोंडावर आडवी येईल. सामान किरकोळ, मेहनत दिवसभराची. ताकद वाढवायचं कोणतंही काम या आधी सुरू करू नये. ज्या इंजिनाच्या पोटात पिन लोंबकळतेय, त्याला जास्त डिझेल पाजण्यात काय अर्थ आहे?

तीन मीटर, मग पाना

यानंतर मीटर. लोकांना हा खर्च वायफळ वाटतो, कारण मीटर लावून गाडी एक तसूभरही जोरात पळत नाही. मी मात्र पहिले पैसे इथेच घालीन.

एक मीटर टर्बोच्या हवेच्या दाबाचा, एक डिझेलच्या दाबाचा आणि सर्वांत महत्त्वाचा एक्झॉस्टच्या तापमानाचा. हा तिसरा म्हणजे पायरोमीटर. त्याचा सेन्सर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून टर्बोच्या अलीकडे बसवतात. टर्बोच्या पलीकडे बसवणं सोपं असतं, पण टर्बोतून जाताना वायू थंड होतात आणि भारावर असताना तिथला आकडा शंभर-दीडशे अंशांनीही कमी दिसू शकतो. म्हणजे मीटर निवांत आणि पिस्टन वितळायच्या बेतात.

पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत, हे विसरता येत नाही. या इंजिनांसाठी तिकडे सर्रास पाळला जाणारा आकडा १२५० अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ६७५ अंश सेल्सिअस. चढावर भार घेऊन सलग चालताना काटा याच्या खाली राहायला हवा. ओव्हरटेक करताना पाच-दहा सेकंद वर गेला तर जग बुडत नाही. पण कोलोराडोत डेन्व्हरकडून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागतो, तो सुमारे ३४०० मीटर उंचीवर जातो. त्या उंचीवर हवा विरळ, ट्रेलर मागे आणि पाय खाली दाबलेला. सपाटीवर गुमान चालणारं इंजिन तिथे काही मिनिटांतच लाल रेषेला जाऊन भिडतं. हवा कमी पण डिझेल तेवढंच, मग आच पिस्टनलाच लागणार. अशा वेळी पाय उचलायचा आणि खालचा गिअर टाकायचा, हे सांगणारं गाडीत मीटरशिवाय दुसरं काही नाही.

पंपाच्या पोटात

आता डिझेल. १९८९ ते १९९३च्या गाड्यांत बॉशचा व्हीई हा रोटरी पंप होता. १९९४ ते १९९८च्या गाड्यांत बॉशचाच पी७१०० हा इनलाइन पंप आला. हौशी मंडळी ज्याच्या प्रेमात आहेत तो हाच. ट्रकवर पंप-नोझलची कामं केलेल्या माणसाला तो नवा वाटणार नाही. सहा प्लंजर (डिझेल ढकलणारे छोटे दट्टे) एका ओळीत, खाली कॅम, बाजूने रॅक ही सरकती दांडी आणि मागे फेऱ्या आवरणारा गव्हर्नर. रॅक सरकला की प्रत्येक प्लंजर थोडा फिरतो आणि त्यावरच्या तिरक्या खाचेमुळे दर ठोक्याला जाणारं डिझेल कमीजास्त होतं. संगणक नाही, आणि इंजिन बंद करायच्या सोलेनॉइडखेरीज पंपाला विजेचं कामही नाही. जे आहे ते सगळं स्प्रिंग, लिव्हर आणि पत्रा. म्हणून ते डोळ्यांनी बघता येतं आणि हाताने बदलता येतं.

रॅक किती पुढे जाऊ द्यायचा, हे दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे पंपाच्या मागच्या भागावर वरून बसवलेला एएफसी, म्हणजे एअर फ्युएल कंट्रोल. त्यात एक पडदा असतो आणि टर्बोच्या हवेची बारीक नळी त्याला जोडलेली असते. टर्बोने दाब धरला नसेल तोवर हा पडदा रॅकला अडवून ठेवतो, म्हणजे हवा येण्याआधी डिझेल जाऊन धूर होत नाही. दाब आला की पडदा मागे हटतो. दुसरी म्हणजे आत असलेली पोलादी फ्युएल प्लेट. गव्हर्नरच्या लिव्हरचं टोक या प्लेटच्या कडेला टेकतं, आणि त्या कडेच्या आकारावरून कोणत्या फेऱ्यांना जास्तीत जास्त किती डिझेल मिळेल ते ठरतं. इंजिनाच्या टॉर्कचा आलेख जणू या पत्र्याच्या कडेवर कापून ठेवलेला असतो.

त्यामुळे पहिली युक्ती फुकट आहे. एएफसीच्या झाकणावरचा छोटा प्लग काढला की आत एक दातेरी चकती दिसते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ती एकेक दात फिरवली की आतल्या स्प्रिंगचा ताण बदलतो आणि डिझेल लवकर किंवा उशिरा सुटतं. पुढची पायरी म्हणजे आख्खा एएफसीच पुढे सरकवणं. कंपनीने तिथे एक स्क्रू असा बसवलाय की साधा पाना त्याला लागू नये. हात घालू नका, असंच तो सांगत असतो, आणि लोक नेमका तोच आधी काढतात. त्यानंतर फ्युएल प्लेट पुढे सरकवणं, किंवा वेगळ्या आकाराची कड असलेली प्लेट विकत आणून बसवणं. बाजारात नंबर टाकलेल्या प्लेटी मिळतात. काहींची कड खालच्या फेऱ्यांना भरपूर पाजते, काहींची वरच्या. ट्रेलर ओढणाऱ्याने खाली हात आखडता ठेवणारी प्लेट घ्यावी. शर्यतवाले कधीकधी प्लेट काढूनच टाकतात. त्यांच्या गाड्यांना रविवारी शर्यत असते, सोमवारी घोड्यांचा ट्रेलर नसतो.

एवढं नीट केलं तर २१५ एचपीची गाडी २५० ते ३००च्या आसपास सहज पोहोचते. त्यापुढे जायचं असेल तर मोठे नोझल, मोठे डिलिव्हरी व्हॉल्व्ह अशी यादी सुरू होते. रोज कामाला जाणाऱ्या गाडीला त्याची गरज पडते असं मला वाटत नाही.

पंपाचं टायमिंग पुढे घेणं हा आणखी एक मार्ग. डिझेल दोन-तीन अंश आधी फवारलं की त्याला जळायला वेळ मिळतो, ॲव्हरेज थोडं सुधारतं आणि एक्झॉस्टचा ताप उतरतो. पण त्याच वेळी सिलिंडरच्या आतला दाब चढतो आणि हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधल्या सीलवर, ताण येतो. मीटरवर ताप कमी दिसतोय म्हणून इंजिन खूश आहे असं समजणारे इथेच फसतात.

हवा, आणि वरच्या फेऱ्या

डिझेल वाढलं की एक्झॉस्टमध्ये जोर वाढतो, त्याने टर्बो जास्त फिरतो आणि जास्त हवा आणतो. म्हणजे थोडीफार सोय आपोआप होते. १९९४नंतरच्या गाड्यांतला होलसेटचा एचएक्स३५ टर्बो या जादा कामाला बऱ्यापैकी पुरतो. मूळ गाडीत दाब २० पीएसआयच्या आसपास असतो, तो तिसापर्यंत आरामात जातो. त्यापुढे मात्र टर्बो आपल्या मर्यादेबाहेर गरगरायला लागतो. हवा दाबण्याऐवजी तापवतो, आणि शेवटी त्याचा शाफ्ट मोडतो.

१९८९ ते १९९१च्या पहिल्या गाड्यांना इंटरकूलर नव्हता, तो १९९१च्या मध्यात आला. तुमची गाडी त्या पहिल्या खेपेतली असेल तर डिझेलला हात लावण्याआधी इंटरकूलर बसवणं, याला पर्यायच नाही. दाबलेली हवा गरम होते, गरम हवा विरळ असते, आणि विरळ हवेत जादा डिझेल म्हणजे पुन्हा तेच. मोकळा सायलेन्सर आणि चांगला एअर फिल्टर यांनी ताप थोडा उतरतो. आवाज जितका वाढतो तितकी ताकद वाढत नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

मघाशी पिळाची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती इथे कामाला येते. कंपनीचा गव्हर्नर २५०० फेऱ्यांच्या पुढे डिझेल तोडायला लागतो. गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलून तेच डिझेल ३००० फेऱ्यांपर्यंत टिकवता येतं. टॉर्कचा शेंडा जागेवरच राहतो, ताकद वरच्या अंगाला वाढते, आणि क्लच-गिअरबॉक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन गिअरमधली दरी कमी जाणवते, ती वेगळीच. या सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा बदल हाच. मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगा मात्र एवढ्या फेऱ्यांसाठी बनलेल्या नाहीत, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाहीत. म्हणून जास्त ताणाच्या स्प्रिंगा सोबत घालाव्या लागतात.

मोडतं ते मागे

१९९४ ते १९९८च्या, हातात गिअर असलेल्या गाड्यांत एनव्ही४५०० हा पाच गिअरचा बॉक्स असतो. तो दणकट आहे, पण त्याची एक खोड आहे. पाचवा गिअर शाफ्टच्या टोकाला एका नटाने धरलेला असतो. डिझेलच्या हिसक्यांनी तो नट सैल होतो, मागे सरकतो, आणि एक दिवस पाचवा गिअर पडतच नाही. जादा टॉर्कने ही वेळ लवकर येते. त्याआधी क्लच घसरायला लागतो. चढावर फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. म्हणजे तुम्ही वाढवलेले एचपी क्लच प्लेट तापवण्यात चाललेत.

ऑटोमॅटिकवाल्यांचं दुखणं मोठं. १९९४-९५चा ४७आरएच आणि नंतरचा ४७आरई, दोन्ही मुळातच या टॉर्कपुढे काठावर पास होणारे. त्यांचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा भाग) सैल, त्यातला दोन्ही बाजू थेट जखडणारा लॉकअप क्लच जादा टॉर्कने घसरतो, तेल तापतं, आणि तापलेलं तेल बाकीच्या प्लेटी खातं. चांगला कन्व्हर्टर आणि गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब वाटणारी सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी यांचा खर्च पंपावरच्या सगळ्या उद्योगांपेक्षा कितीतरी जास्त येतो. पण ऑटोमॅटिक गाडीत नुसता चांगला कन्व्हर्टर बसवला, डिझेल तसंच ठेवलं, तरी गाडी जास्त ओढते. कारण जी ताकद तेलात विरघळत होती ती आता चाकापर्यंत पोहोचते.

मागचा डिफरन्शियलही बघा. १९९४ ते १९९८च्या गाड्या ३.५४ आणि ४.१० अशा दोन गुणोत्तरांत मिळायच्या, म्हणजे चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या तितक्या फेऱ्या. ३.५४ची गाडी ४.१०ची केली तर चाकावरची ओढ १६ टक्क्यांनी वाढते, आणि इंजिनाला हातही लावावा लागत नाही. हायवेवर फेऱ्या वाढतात, ॲव्हरेज जरा घसरतं, हे खरं. उलट, रुबाबासाठी भलेमोठे टायर घातलेत तर हाच हिशोब विरुद्ध दिशेने चालतो. मग गाडी ओढत नाही म्हणून पंप वाढवायचा, हा कुठला न्याय?

धूर आणि कायदा

अमेरिकेत मुद्दाम काळा धूर ओकत जाण्याची एक टूम आहे. तिला ‘रोलिंग कोल’ म्हणतात. माझं मत विचाराल तर तो इंजिनाचाही अपमान आहे आणि मागून सायकलवर येणाऱ्याचाही. कायद्यालाही ती मान्य नाही. तिथल्या क्लीन एअर ॲक्टप्रमाणे गाडीवरची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं बेकायदा आहे. तिथल्या पर्यावरण खात्याने २०२०मध्ये अंदाज दिला की, आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपांवरून ही यंत्रणा काढली गेली. तो रोख मुख्यतः नव्या गाड्यांवर होता. बारा व्हॉल्व्हच्या जुन्या गाडीवर अशी यंत्रणा फारच कमी असते, पण जी असेल ती जागेवर राहिली पाहिजे. कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यानंतरच्या डिझेल पिकअपना धुराची तपासणी लागते. १९९७चं मॉडेल त्यातून सुटतं, म्हणून तिकडे ते शोधत फिरणारे लोक आहेत.

हे वाचून कोणी आपल्या टाटा २०७ किंवा जुन्या बोलेरो पिकअपकडे बघत असेल, तर दोन गोष्टी. इथला तर्क तिथेही लागू पडतो, आकडे लागू पडत नाहीत. ती इंजिनं मुळातच लहान आणि त्यांचे पंप वेगळे. मोठ्या ट्रकचं इंजिन अंगावर घेतलेल्या डॉजइतकी शिल्लक त्यांच्यात नसते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीचे मूळ तपशील परस्पर बदलू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं झालं तर आरटीओची परवानगी लागते. आपल्याकडे गाडी ओढत नाही याचं कारण बहुतेकदा पंपात नसून मागच्या हौद्यात असतं, दीड टनाच्या गाडीत अडीच टन ऊस. त्यावर पंपवाल्याकडे इलाज नाही.

डॉजकडे परत येऊ, कारण एक गोष्ट राहिली. ३०० एचपीची गाडी ट्रेलर घेऊन घाट दणक्यात चढते, आणि मग तोच ट्रेलर घेऊन उतरायचं असतं. डिझेलला हवेची झडप नसल्यामुळे पाय उचलला तरी इंजिन फारसं अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. त्यासाठी टर्बोच्या मागे एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. तो धुराची वाट अडवतो आणि इंजिनच गाडीला मागे धरतं. त्या उलट्या दाबाने मूळ स्प्रिंगांवरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडे राहू शकतात, म्हणून इथेही त्याच जास्त ताणाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा लागतात, ज्या वरच्या फेऱ्यांसाठी लागल्या होत्या. तेव्हा हेडचं झाकण उघडून स्प्रिंगा बदलायला बसलातच, तर एक्झॉस्ट ब्रेकची ऑर्डर त्याच आठवड्यात देऊन टाका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मात्र आधी गिअरबॉक्सवाल्याला विचारा, कारण मूळ ४७आरई पाय उचलला की लॉकअप सोडून देतो आणि ब्रेक नुसता नावालाच राहतो.